पहिला होकार

मोखाड्याहून जव्हारकडे जाणाऱ्या वाटेच्या डाव्या हाताला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात खोरपाडा होता. सतरा घरं, बारमाही वाहणारा एक झरा आणि उंबराखाली शेंदूर फासलेला वाघोबा. ढवळू इथलाच. भाताचा एक तुकडा, उतारावर थोडी नागली, दोन बैल आणि बायको राही. मूलबाळ झालं नव्हतं. चारचौघांसारखा माणूस, पण एका कामात त्याचा हात धरणारा आजूबाजूच्या पाच पाड्यांत कोणी नव्हता. घर शाकारावं ते ढवळूनंच. त्यानं लावलेल्या गवतातून चार महिन्यांच्या पावसात टिपूस खाली येत नसे.

वैशाख लागला की लोक त्याच्या दारात यायचे. तो एकेकाच्या छपरावर चढायचा, खालून पेंढ्या यायच्या, आणि वर बसून तो अख्ख्या पाड्याशी गप्पा मारायचा. कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाची पोर कुठे दिली, सगळं त्याला माहीत. बोलण्याचा त्याला सोस होता आणि ऐकणाऱ्यांनाही कंटाळा नव्हता. "ढवळू वर चढला म्हणजे करमणूक," असं बाया म्हणायच्या.

संस्थानाच्या जंगलातल्या सागाला तेव्हा परवानगीशिवाय हात लावायचा नसे. त्या साली बुध्याच्या घराचे मधले दोन खांब वाळवीनं खाल्ले. घरात त्याचा म्हातारा बाप, बायको आणि दोन पोरी. परवानगीसाठी जव्हारच्या कचेरीत खेटे घालायचे तर पाऊस डोक्यावर येऊन उभा राहिला असता. मग पाड्यानं ठरवलं आणि सगळ्या पुरुषांनी मिळून दोन साग पाडले, ओढून आणले, तासले, उभे केले. पाड्याचा कारभारी सोम्या वयानं आणि शब्दानं वजनदार माणूस. त्यानं प्रत्येकाला वाघोबाला हात लावायला सांगितलं. याची वाच्यता कुठं करायची नाही. ढवळूनंही हात लावला. छप्पर तर त्यानंच शाकारलं.

महिनाभरानं तो एकटाच डगरीवर गवत कापत होता. जंगलाचा एक शिपाई वाटेनं आला, सावलीला बसला, डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं. ढवळूला जवळ बोलावून आपल्या चंचीतली तंबाखू दिली.

"ती खालची घरं तुम्ही शाकारलीत म्हणे," शिपाई म्हणाला. "जव्हारातसुद्धा असं काम बघायला मिळत नाही."

अंगावर सरकारी कोट असलेल्या माणसानं ढवळूला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. तो सांगू लागला. गवत कोणत्या उतारावरचं घ्यायचं, पेंढी किती जाड बांधायची, पाणी कुठं वळवायचं. शिपाई मान डोलवत होता, मधेच हसत होता. बोलता बोलता ढवळू म्हणाला, "पण छप्पर टिकतं ते खालच्या लाकडावर. आता बुध्याचंच घर बघा. खांब कसे, सागाचे, नवे करकरीत—"

आणि तो थांबला.

शिपाई रागावला नाही. त्यानं पागोटं डोक्यावर ठेवलं, अंगावरचं गवत झटकलं आणि म्हणाला, "चला, दाखवा."

नाही म्हणता आलं असतं. जुने आहेत, चुकून बोललो, असं सांगता आलं असतं. रानात पळून जाता आलं असतं. ढवळू उठला आणि पुढे चालू लागला. तो पुढे, शिपाई मागे. आपण पुढे का चाललो, हे त्यानं पुढच्या आयुष्यात स्वतःला किती वेळा विचारलं त्याची गणती नाही.

बुध्याला जव्हारला नेलं. चार महिने तो तिथे अडकून पडला. खांब काढून नेले तसं घर गुडघ्यांवर बसलं. बायकापोरींनी शेजारी खोप घातली, पण आषाढात ती खोप कसली तग धरणार? म्हातारा खोकत खोकत तिथेच गेला. त्याला पोचवायला मुलगा नव्हता.

म्हाताऱ्याचे दिवस झाल्यावर सोम्यानं उंबराखाली सगळ्यांना बसवलं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. राहीही त्यांच्यात होती.

"शिपायानं मारलं का तुला?" सोम्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट, 'हो' म्हणशील तर बरं, असं काहीतरी होतं.

ढवळू खोटं बोलायचं ठरवून आला नव्हता. पण ते दार समोर उघडं दिसलं आणि तो आत शिरला. "होय. मारलं."

"कुठं मारलं?"

"पाठीत. काठीनं."

जिव्या मागे बसला होता. तो मान खाली घालूनच म्हणाला, "मी समोरच्या डगरीवर बैलं राखत होतो. दोघं बसून तंबाखू खात होते. हा हसत होता."

ढवळूला बायांच्या बाजूला बघायचं धाडस झालं नाही. आपल्या पाठीवर वळ नाही हे प्रत्येकाला कपड्याआडून दिसतंय असं त्याला वाटलं. खरं तर पाठ उघडीच होती.

"चुकून बोललो म्हणतास तर मी समजलो असतो," सोम्या म्हणाला. "आता काय समजू?"

त्या दिवसापासून ढवळूच्या घराला विस्तव नाही, त्याच्या शेताला हात नाही, त्याला हाक नाही.

सुरुवातीला ढवळूला वाटलं, महिना जाईल, दोन जातील. लोकांचा राग तरी किती दिवस टिकतो? पण लोक रागावलेले नव्हतेच. हेच त्याला सोसवेना. शिवी दिली असती तर शिवी झेलता आली असती. ते त्याच्यातून आरपार बघायचे, जसं कुडाच्या फटीतून बाहेर बघावं तसं.

आवणीला पाड्यातली सगळी माणसं एकेकाच्या शेतात उतरायची, ओळीनं रोप लावायची आणि गाणं म्हणायची. ढवळूच्या बांधापर्यंत ती ओळ आली की थांबायची, वळायची, पलीकडच्या शेतात जायची. इकडे चिखलात राही आणि तो, दोघंच. एकदा राहीच्या लक्षात आलं की नवरा पलीकडच्या गाण्याच्या ठेक्यावर वाकतो आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. तिनं मान फिरवली.

त्या साली बोहाड्याच्या उत्सवात त्याच्या घराकडे पिढ्यानपिढ्या असलेलं सोंग दुसऱ्यानं नाचवलं. मुखवटा न्यायला जिव्या आला तो अंगणातच उभा राहिला. राहीनं आणून दिला. ढवळू मागच्या दारानं बाहेर पडून गोठ्यात बसून राहिला.

हळूहळू त्याला सवयी लागल्या. वाटेवर कोणी समोरून येताना दिसलं की तो आपणच उतरून झुडपाआड उभा राही. झऱ्यावर हसण्याचा आवाज आला की ते आपल्यालाच हसतात असं वाटे, आणि आवाज थांबला तरी आपल्यामुळेच थांबला असं वाटे. मनात तो दिवसभर बोलायचा. सोम्याला उत्तरं द्यायचा, बुध्याची माफी मागायचा, जिव्याशी भांडायचा. तोंडातून मात्र दिवस दिवस शब्द बाहेर पडत नसे, आणि मग राहीशी बोलायला गेला की घसा खरखरायचा. बाजाराच्या दिवशी तो जव्हारची चढण चढायचा आणि मीठ मुद्दाम थोडं घ्यायचा, म्हणजे पुढच्या बाजाराला पुन्हा यावं लागेल. मीठवाला विचारायचा, "काय पाहिजे?" तेवढ्यासाठी येऊन-जाऊन आठ कोस चालायचं.

एकदा डहाणूकडचा एक वाटसरू त्याला भेटला आणि शिरपामाळाची वाट विचारू लागला. ढवळू त्याच्याबरोबर चालू लागला. स्वतःचं काम सोडून, उलट्या दिशेनं. कितीतरी दिवसांनी तो मोकळा बोलला, हसला, छपरांच्या गोष्टी सांगितल्या. वाटसरू म्हणाला, "तुझ्या पाड्यात मुक्कामाला येऊ का परतताना?" तेव्हा ढवळू वाटेतच थांबला. "आमच्या पाड्यात साथ हाय," असं काहीतरी बोलून तो तिथूनच माघारी फिरला.

सगळ्यात वाईट हे की त्याला त्यांचं पटू लागलं. आधी तो म्हणायचा, एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? मग म्हणू लागला, चूक एवढीशी नव्हती. मग म्हणू लागला, चूक नव्हेच, मी माणूसच असा. आपल्या अंगाला काहीतरी लागलेलं आहे आणि ते जवळ येणाऱ्याला लागेल, या भावनेनं तो राहीपासूनसुद्धा हातभर दूर झोपू लागला.

"तू माहेरी जा," तो तिला एकदा म्हणाला.

"जाऊन काय सांगू?" राही म्हणाली, आणि दळायला बसली.

पाड्यात एकच माणूस होतं जे बंदी पुरती पाळत नसे. पोशी नावाची विधवा. वयानं ढवळूपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी. ती काही त्याच्या घरी यायची नाही. पण वाटेत गाठ पडली तर थांबायची नाही, बघायची नाही, नुसतं पुटपुटायची, "पुढं निसरडं हाय. जपून." किंवा, "तुझ्या बैलाच्या पायाला काटा हाय." बस, एवढंच. ढवळू त्या चार शब्दांवर आठवडा काढायचा.

दोन वर्षं गेली. शेवटी बंदी उठवली ती बुध्यानंच. खळ्यावर बसलेल्या लोकांना तो म्हणाला, "माझा बाप काय परत येत नाय. घ्या त्याला आत. दिसला का माला माझीच लाज वाटते."

ढवळूच्या अंगणात पाड्याची पंगत बसली. भात रांधला, सगळे जेवले. सोम्यानं त्याच्या हातून पाणी घेतलं, आणि ढवळू त्याच्या पायाशी बसून इतका रडला की माणसं अवघडून गेली.

आत घेतलेला ढवळू मात्र पहिला ढवळू नव्हता. तो आता छपरावर बसून गप्पा मारत नसे, नुसता "होय होय" म्हणायचा. कोणी विनोद केला की तो पुरा व्हायच्या आतच हसायचा. पंगतीत सगळ्यांच्या शेवटी, अगदी कडेला बसायचा आणि आपल्या पानावरचं दुसऱ्याला वाढायचा. कोणाचंही काम असो, न बोलावता हजर. कोणी सहज कपाळाला आठी घातली तर त्याला दोन रात्री झोप लागत नसे.

"तुझं तुला काही वाटत नाय का?" राही एकदा म्हणाली. "सोम्या म्हणतो नागली आधी, तू म्हणतोस आधी. जिव्या म्हणतो मागून, तू म्हणतोस मागून. तुला काय वाटतं?"

ढवळूनं खरंच विचार करून पाहिला. त्याला सापडलं नाही.

आणखी पाच वर्षांनी मानमोडीचा ताप आला. त्या वर्षी माणूस गेलं नाही असं गाव राहिलं नाही म्हणाल तर खरं. मोखाड्यात, जव्हारात, डोंगरात, सगळीकडे. खोरपाड्यात तीन आठवड्यांत अकरा माणसं गेली. सोम्या गेला. जिव्याची दोन्ही लेकरं एका दिवशी गेली. पोशीच्या घरात मात्र कोणी मेलं नाही, कारण घरात ती एकटीच होती. ती या घरातून त्या घरात पेज घेऊन फिरत होती, आजाऱ्यांची तोंडं पुसत होती. ज्या घरांत माणूस मेलं त्या घरांत ती गेलेली होती, हेही खरं होतं. पण तेव्हा ती न गेलेलं घरच नव्हतं.

साथ ओसरल्यावर कोणाच्या तरी तोंडून तो शब्द निघाला. भुताळी. माणसं पोशीनं खाल्ली.

उंबराखाली बैठक बसली. सोम्याच्या जागी आता जिव्या बोलत होता. तो वेडा झालेला माणूस नव्हता, दोन लेकरं पुरलेला बाप होता, आणि त्याला ती कशी मेली याला कोणाचं तरी नाव हवं होतं. पोशी लांब, झऱ्याच्या बाजूला बसली होती. जिव्या म्हणाला, "हिला पाड्यात ठेवू नये. पण मी एकट्यानं सांगत नाय. तुम्ही सगळे बोला."

बुध्या जमिनीकडे बघत होता. त्याच्या बायकोला तापात पोशीनंच पाणी पाजलं होतं. त्या शांततेत ढवळूला वाटलं, सगळे आपल्याकडे बघताहेत. कोणीच बघत नव्हतं. पण आपण गप्प राहिलो तर आपण तिच्या बाजूचे ठरू, आणि ती वाट, ते झुडूप, तो बांधाशी थांबणारा गाण्याचा आवाज, हे सगळं त्याच्या अंगावर धावून आलं. तो सगळ्यांच्या आधी बोलला.

"बरोबर हाय जिव्याचं. तिला ठेवू नका."

एवढ्यावर थांबला असता तरी खूप होतं. लोकांनी माना वर केल्या, त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं बोलणं लोक कान देऊन ऐकत होते. त्याला ते बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच तो पुढे म्हणाला, "मी पाहिली तिला. सोम्या गेला त्या सांजेला, त्याच्या दाराशी, केस सोडून."

त्यानं असं काही पाहिलं नव्हतं.

त्याच्यामागून एकेक होकार आला. बुध्याचा शेवटी आला, पण आला. पोशी उठली, घरात गेली, एक गाठोडं घेऊन बाहेर आली आणि जव्हारच्या वाटेनं चालू लागली. जाताना ती ढवळूच्या समोरून गेली. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती बोलली नाही.

राही त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलेनाशी झाली. भाकर पुढे ठेवायची, पाणी ठेवायची. चौथ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "केस सोडून होती म्हणे. त्या सांजेला ती माझ्याजवळ होती. मी तापात होते. तू बैलं शोधायला गेला होतास."

ढवळूच्या हातातला घास तसाच राहिला. शिपायापुढे जीभ घसरली होती, पाठीवरच्या वळांचं खोटं भीतीनं आलं होतं. त्या दोन्ही गोष्टींना तो इतकी वर्षं मनातल्या मनात कारणं देत आला होता. या वेळी कारण सापडेना. ज्याला ठाऊक होतं त्यानंच हे केलं होतं. बाकीच्यांना निदान कल्पना तरी नव्हती की वाळीत टाकलेल्या माणसाला सकाळी उठताना कसं वाटतं.

तो जिव्याकडे गेला. जिव्या अंगणात दोर वळत होता. ढवळू उभ्यानंच म्हणाला, "मी खोटं बोललो. पोशीला मी नाय पाहिली."

जिव्याचे हात थांबले. "मग का सांगलंस?"

"तुम्हा सगळ्यांना बरं वाटावं म्हणून."

"माला बरं वाटलं नाय," जिव्या म्हणाला. मग तो पुन्हा दोर वळू लागला आणि म्हणाला, "माझी पोरं कशानं गेली मग?"

दुसऱ्या दिवशी ढवळूनं हेच उंबराखाली, सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्याची मान इतकी खाली होती की मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं. कोणी ओरडलं नाही. आपण सगळ्यांनीच होकार दिला होता, हे प्रत्येकाला आठवत होतं, त्यामुळे ढवळूवर थुंकायलाही कोणी पुढे झालं नाही. बुध्या फक्त म्हणाला, "जा, घेऊन ये तिला."

ती जव्हारात सापडली. बाजाराच्या कडेला, एका वाण्याच्या ओट्याखाली बसून पत्रावळी लावत होती. हातात पळसाची पानं, पदरात काड्या. ढवळू समोर जाऊन बसला.

"पोशीबाय, चल. पाड्यानं बोलावलंय. मी सांगलं सगळ्यांना का मी खोटं बोललो."

तिनं पान उलटं करून पाहिलं, किडकं निघालं ते बाजूला टाकलं. "सांगलंस ते बरं केलंस."

"मग चल."

"येऊन काय करू? मी झऱ्यावर गेले का बाया पोरांना पदराखाली घेतील. तोंडानं काय नाय बोलणार." तिनं काडी टोचली. "तू कसा राहिलास तिथं आत घेतल्यावर, ते मी पाहिलंय ना. तसं माला नाय राहायचं."

ढवळूला वाटलं, तिनं रागवावं. चपलेनं मारावं. ती रागावली नाही. "पहिला तू बोललास तवा माला वाईट नाय वाटलं," ती म्हणाली. "माला ठावं होतं का तूच बोलशील."

हे ऐकून तो तिथून उठला तो कसा उठला, कुठून चालला, त्याला पुढे आठवेना. जव्हारची उतरण संपली तेव्हा उन्हं कलली होती आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वाटेच्या मधोमध चालतो आहोत, समोरून दोन माणसं आली आणि आपण बाजूला झालो नाही.

पोशी परत आली नाही. राही दर बाजाराला तिच्याकडे जाऊ लागली, येताना तिच्या पत्रावळी घेऊन यायची. ढवळू बरोबर जायचा, पण ओट्यापासून दूर उभा राहायचा. पोशीनं त्याला कधी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. सहा वर्षांनी ती जव्हारातच वारली. राहीनं तिला पोचवलं, ढवळूनं खांदा दिला. चौथा खांदा मिळेना तेव्हा तो वाणी आला.

खोरपाड्यात लोक म्हणायचे की ढवळू म्हातारपणी फार मंद झाला. उंबराखाली काही विचारलं तर पटकन उत्तर देत नसे. "ढवळू, तुझं काय म्हणणं?" असं कोणी विचारलं की तो हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहायचा, इतका वेळ की पोरंसोरं वैतागून उठून जायची. जिव्या तेवढा थांबायचा. कधी उत्तर यायचं, कधी नाही. यायचं तेव्हा बहुतेक वेळा ते एवढंच असायचं, "माला ठावं नाय. मी पाहिलं नाय."